पडत्या संगीतिकेला मोठं नाव सावरतं का? ब्रॉडवेच्या तिकीटबारीचा हिशेब

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एखाद्या संगीतिकेची विक्री ढासळू लागली की निर्मात्यांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: कुणी मोठं नाव मिळेल का? चित्रपटातला नट, अल्बममुळे गाजलेली गायिका, टीव्हीच्या रिअॅलिटी शोमधला चेहरा, कुणीही चालेल. चालू नाटकातला मुख्य कलाकार बदलायचा आणि दहा-बारा आठवड्यांसाठी त्या जागी प्रसिद्ध माणूस उभा करायचा. याने नाटक वाचतं का? मोठं नाव स्वतःचे आठवडे विकून देतं. त्याआधीचे आणि त्यानंतरचे आठवडे नाटकालाच विकावे लागतात, आणि बहुतेक संगीतिका बुडतात त्या याच आठवड्यांत.

हे नीट कळायला आधी तिथला पैसा कसा फिरतो ते पाहावं लागेल.

आठवडा हेच माप

ब्रॉडवे म्हणजे ४१ थिएटरं, बहुतेक टाइम्स स्क्वेअरच्या आसपासची, प्रत्येकी किमान ५०० खुर्च्यांची. नाटकाचे आठवड्याला आठ प्रयोग होतात. आपल्याकडे व्यावसायिक नाटकाचा हिशेब प्रयोगागणिक चालतो: नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाईट (दर प्रयोगाचं मानधन), बस, टेम्पो, वर्तमानपत्रातली जाहिरात. बुकिंग दिसत नसेल तर निर्माता प्रयोगच लावत नाही. ब्रॉडवेवर ही सोय नाही. थिएटर महिनोन्‌महिने एकाच नाटकाला दिलेलं असतं, नेपथ्य जागेवर पक्कं बसवलेलं असतं आणि कलाकार, वादक, तंत्रज्ञ, कपडेपटातली माणसं आठवड्याच्या पगारावर असतात. साध्या कलाकाराचा युनियनने ठरवलेला किमान पगारच आठवड्याला अडीच हजार डॉलरच्या वर आहे. मंगळवारी रात्री निम्म्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी खर्च तेवढाच. मोठ्या संगीतिकेचा हा आठवड्याचा खर्च सहा-सात लाख डॉलरपासून पुढे कितीही जाऊ शकतो.

म्हणजे दोन आकडे वेगळे ठेवायचे. एक, नाटक उभं करायला लागलेलं भांडवल. संगीतिकेसाठी दीड कोटी डॉलर ही आता नवलाईची रक्कम राहिलेली नाही. दुसरा, दर आठवड्याचा चालू खर्च. आठवड्याची विक्री चालू खर्चाच्या वर गेली की वरच्या रकमेतून भांडवल फेडायचं. विक्री खर्चाच्या खाली गेली की राखीव पैसा वितळू लागतो. ‘नाटक अडचणीत आहे’ याचा तिथला नेमका अर्थ हाच.

तिसरी गोष्ट सहसा बाहेर बोलली जात नाही, पण निर्मात्याची झोप तीच उडवते. थिएटर-मालकाच्या करारात एक कलम असतं: विक्री ठरावीक रकमेच्या खाली सलग दोन आठवडे राहिली, तर मालक नाटकाला बाहेर काढू शकतो. रांगेत दुसरं नाटक थांबलेलं असेल तर मालक ते कलम वापरतोही. मोठं नाव आणण्यामागे कधी कधी नफ्याचा विचार नसतोच, त्या रकमेच्या वर डोकं ठेवणं एवढाच हेतू असतो.

एक मांडलेला हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्याही एका नाटकाचे नाहीत. प्रमाण मात्र व्यवहारातलं आहे.

१,२०० खुर्च्यांचं थिएटर घ्या. आठ प्रयोगांच्या ९,६०० खुर्च्या. त्यातल्या ६५ टक्के भरतात, म्हणजे ६,२४०. तिकीट सरासरी ९५ डॉलरला जातं. विक्री झाली ५,९२,८०० डॉलर. खर्च साडेसात लाख. दर आठवड्याला १,५७,२०० डॉलरची तूट.

आता दहा आठवड्यांसाठी मोठं नाव आलं. खुर्च्या ९५ टक्के भरल्या, म्हणजे ९,१२०. पण खरी गंमत भरलेल्या खुर्च्यांत नाही, दरात आहे. मागणी असल्यामुळे सवलती बंद झाल्या, पुढच्या रांगांचे दर वाढवले आणि सरासरी तिकीट १३० डॉलरवर गेलं. विक्री ११,८५,६०० डॉलर, जवळजवळ दुप्पट. बातमी एवढीच छापून येते.

या वाढीतून काय काय वजा होतं पाहा. लेखक, संगीतकार, दिग्दर्शक यांचा वाटा, थिएटरचा विक्रीवरचा टक्का, क्रेडिट कार्डाचं कमिशन मिळून वाढीव रकमेचे २० टक्के धरू: सुमारे १,१८,५०० डॉलर. कलाकाराचे ७५,००० डॉलर (मोठी नावं किमान हमी आणि वर विक्रीचा टक्का अशा दुहेरी बोलीवर येतात). वाढीव जाहिरात ५०,०००. हे सगळं वजा करून, आधीची तूट भरून, हातात राहतात आठवड्याला साधारण १,९२,००० डॉलर. दहा आठवड्यांचे १९ लाख २० हजार.

बाजू भक्कम वाटते ना? आता कडेचे आठवडे धरा. नाव जाहीर होताच लोक आधीच्या तारखांची तिकिटं घेणं थांबवतात, कारण पुढच्या महिन्यात ती व्यक्ती येणार असेल तर आज कोण जाईल? तीन आठवडे विक्री दर आठवड्याला आणखी ६०,००० डॉलरने खाली गेली, तर त्या तीन आठवड्यांची तूट साडेसहा लाख. व्यक्ती गेल्यावर उलटी लाट येते: ज्यांना नाटक पाहायचं होतं ते पाहून गेलेले असतात, आणि बाकीच्यांच्या मनात ‘आता बघण्यासारखं काय उरलंय’ हे बसलेलं असतं. चार आठवडे अडीच-अडीच लाखांची तूट धरली तर दहा लाख. नव्या माणसाची तालीम, कपडे, टोप, फोटो, फलक, जाहिरातीची पहिली फेरी यांचा एकदाचा खर्च साडेतीन लाख. एकूण वीस लाख गेले. म्हणजे सतरा आठवड्यांनंतर निर्माता जवळजवळ शून्यावर, किंचित खालीच.

त्याने काहीच केलं नसतं तर याच सतरा आठवड्यांत २६ लाख ७० हजार डॉलर गेले असते. तेव्हा नाव आणणं चुकीचं नव्हतं. पण भांडवलातला एक डॉलरही फिटलेला नाही. हातात आले ते सतरा आठवडे. त्या वेळात दुसरं काही ठरवलं असेल, पुढचं नाव, गर्दीचा मोसम, फिरता दौरा, तरच या खटपटीला अर्थ.

नाव मोठं आणि खर्च त्याहून मोठा असेल तर काय होतं, हे मराठी रंगभूमीला गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून ठाऊक आहे. बालगंधर्वांच्या नावावर लोक लोटत होते आणि मंडळी तरीही कर्जात होती.

दोन संगीतिका, ज्या वाचल्या नाहीत

‘द लास्ट शिप’ ही गायक स्टिंगने स्वतः संगीत दिलेली संगीतिका ऑक्टोबर २०१४ मध्ये नील सायमन थिएटरमध्ये सुरू झाली. भांडवल सुमारे दीड कोटी डॉलर. विषय इंग्लंडमधल्या बंद पडत चाललेल्या गोदीचा. संगीताची तारीफ झाली, तिकिटं हलली नाहीत. डिसेंबरमध्ये जिमी नेल यांच्या जागी स्टिंग स्वतः रंगमंचावर उतरला. विक्री झपाट्याने चढली. मग त्याचा मुक्काम जानेवारीच्या २४ तारखेपर्यंत वाढवला, आणि त्याच दिवशी, २४ जानेवारी २०१५ रोजी, संगीतिका बंद झाली. तो गेल्यानंतरच्या तारखांची आगाऊ विक्री इतकी कमी होती की चालू ठेवण्यात अर्थच नव्हता.

या उदाहरणातली शिकण्यासारखी बाब अशी की नावाची निवड चुकली नव्हती. नाटकाला याहून जुळणारं नाव असूच शकत नव्हतं. जे कमी होतं ते वेगळंच: स्टिंग नसताना ही संगीतिका पाहायला जाण्याचं कारण प्रेक्षकाला सापडलेलं नव्हतं, आणि त्याच्या येण्याने ते कारण तयार झालं नाही. तिकीट घेणाऱ्यांना स्टिंग हवा होता.

दुसरं उदाहरण जास्त वेदनादायक आहे. ‘नताशा, पिअर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ १८१२’ नोव्हेंबर २०१६ मध्ये इम्पीरियल थिएटरमध्ये सुरू झाली. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’मधल्या एका भागावर बेतलेली, प्रेक्षकांच्या मधून खेळली जाणारी, त्यासाठी थिएटरची आतली रचना बदललेली, भांडवल सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर. पिअरच्या भूमिकेत लोकप्रिय गायक जॉश ग्रोबन. ब्रॉडवेच्या मानाच्या टोनी पुरस्कारांत त्या वर्षीची सर्वाधिक, बारा नामांकनं मिळाली, पण पुरस्कार दोनच आले, तेही नेपथ्य आणि प्रकाशयोजनेला. जुलै २०१७ च्या सुरुवातीला ग्रोबन ठरल्याप्रमाणे बाहेर पडला. त्याच्या जागी आला ओकिएरिएटे ओनाओडोवान, ‘हॅमिल्टन’ या गाजलेल्या संगीतिकेच्या मूळ संचातला कृष्णवर्णीय अभिनेता. गायिका इन्ग्रिड मायकेलसनही उन्हाळ्यापुरती सोन्या या पात्राच्या भूमिकेत होती, १३ ऑगस्टपर्यंत. त्यानंतरच्या तारखांची आगाऊ विक्री भयानक खाली होती.

निर्मात्यांनी घाईत मोठं नाव शोधलं: मॅंडी पटिन्किन, तीन आठवड्यांसाठी. त्यासाठी ओनाओडोवानला ठरल्या मुदतीच्या आधी बाजूला व्हावं लागणार होतं. जाहीर होताच संताप उसळला. ज्या नाटकाचं सर्ववर्णीय पात्रनिवडीबद्दल कौतुक झालं होतं, तिथे कृष्णवर्णीय नटाला हटवून गोऱ्या ज्येष्ठ नटाला आणलं जातंय, असं लोकांना दिसलं, आणि ते दिसणं चूक नव्हतं. पटिन्किनने माघार घेतली. ओनाओडोवाननेही परत यायला नकार दिला. ३ सप्टेंबर २०१७ रोजी नाटक बंद.

इथे तीन चुका एकात एक अडकल्या आहेत. पहिली, सुरुवातीची सगळी जाहिरात ग्रोबनच्या चेहऱ्यावर उभी केली, त्यामुळे तो गेल्यावर नाटकाला स्वतःची ओळख उरली नाही. दुसरी, दोन गर्दी खेचणारे कलाकार काही आठवड्यांच्या अंतराने बाहेर पडणार हे करारातून महिनोन्‌महिने आधी माहीत होतं, तरी पुढची जागा वेळेत भरली नाही. तिसरी, घाईतली बदली अशी केली की रंगमंचावर असलेल्या माणसाचा अपमान झाला. नाट्यव्यवसाय विश्वासावर चालतो. बदली कलाकाराला मुदत दिली असेल तर ती पाळायची, न पाळता येण्यासारखी परिस्थिती असेल तर आधी त्याच्याशी बोलायचं, मग बाहेर. हा शिष्टाचार आहेच, शिवाय यात पैशाचंही शहाणपण आहे.

एक, जी अशीच चालत आली

‘शिकागो’चं आत्ताचं पुनरुज्जीवन नोव्हेंबर १९९६ मध्ये सुरू झालं आणि ब्रॉडवेवरची सर्वाधिक काळ चाललेली अमेरिकी संगीतिका ठरलं. निर्माते बॅरी आणि फ्रॅन वाइस्लर यांनी नावं बदलत राहण्याची युक्ती १९९४ च्या ‘ग्रीज’मध्ये घोटून घेतली होती. तिथे रिझोच्या भूमिकेत रोझी ओ’डॉनेल, मग ब्रुक शील्ड्स अशी रांग लागली. ‘शिकागो’त मेलनी ग्रिफिथ (२००३), अशर (२००६), पामेला अँडरसन (२०२२) अशी नावं येत-जात राहिली. जानेवारी २०२४ च्या अखेरीस रिअॅलिटी शोमधली एरियाना मॅडिक्स आली आणि आठवड्याची विक्री दहा लाख डॉलरच्या वर गेली.

लोक म्हणतात, ‘शिकागो’ नावांवर चालते. हे अर्धं खरं आहे. ‘शिकागो’ला नावं परवडतात, कारण तिची बांधणीच तशी आहे. नेपथ्य म्हणजे वादकांचा चौथराच, वादक रंगमंचावरच बसतात. कपडे बहुतेक काळे, दृश्यागणिक बदलत नाहीत. यंत्रं, सरकते मजले, मोठे पडदे काही नाही. त्यामुळे आठवड्याचा खर्च इतर संगीतिकांच्या मानाने खूप खाली, आणि २००३ पासून ती ज्या अॅम्बॅसडर थिएटरमध्ये आहे त्याच्या खुर्च्या जेमतेम ११०० च्या आसपास. मोठं नाव नसतानाही मधले आठवडे निभावतात.

दुसरं कारण भूमिकांचं. वकील बिली फ्लिनला फारसं नाचावं लागत नाही. तुरुंगाधिकारी मामा मॉर्टनची भूमिका छोटी, गाणी मोजकी. मुख्य पात्र रॉक्सीला नाच आहे, पण तिच्याभोवती तरबेज नर्तक असतात आणि तिच्या हालचाली नव्या बाईच्या वकुबाप्रमाणे सोप्या करता येतात. ज्या भूमिकेत कच्चा गडी झाकला जातो, त्याच भूमिकेत बाहेरचं नाव बसतं. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: रॉक्सी ही बदनामीतून प्रसिद्ध होऊ पाहणारी बाई आहे. वर्तमानपत्रांनी चघळलेली एखादी व्यक्ती तिच्या जागी उभी राहिली की तिची प्रसिद्धी नाटकाच्या अर्थाला जोडली जाते. प्रेक्षक ‘ही इथे कशी?’ असं विचारत नाही. दुसऱ्या कुठल्या संगीतिकेने ‘शिकागो’ची नक्कल करण्याआधी या तीन गोष्टी आपल्याकडे आहेत का ते तपासावं.

युक्ती मात्र जुनी आहे. निर्माता डेव्हिड मेरिकची ‘हॅलो, डॉली!’ जानेवारी १९६४ मध्ये कॅरल चॅनिंगला घेऊन सुरू झाली. तिच्यानंतर जिंजर रॉजर्स, मार्था रे, बेटी ग्रेबल. १९६७ मध्ये मेरिकने पर्ल बेली आणि कॅब कॅलोवे यांच्यासह संपूर्ण कृष्णवर्णीय संच उभा केला. १९७० मध्ये एथेल मर्मन आली, तेव्हा मुळात तिच्यासाठी लिहिलेली आणि नंतर काढलेली दोन गाणी परत घातली. २,८४४ प्रयोग झाले. मेरिकने दर वेळी चेहरा बदलताना नाटकही थोडं नवं केलं, म्हणून एकदा पाहिलेला प्रेक्षक परत आला. आजकाल बहुतेक निर्माते नाव बदलतात आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवतात.

काळ आणि जागा

ब्रॉडवेच्या प्रेक्षकांत साधारण साठ-पासष्ट टक्के लोक शहराबाहेरचे, पर्यटक. ते दोन-तीन महिने आधी प्रवास ठरवतात. म्हणून नाव किमान आठ-दहा आठवडे आधी जाहीर करून त्याच सकाळी तिकिटं खुली करावी लागतात. तीन आठवडे आधी जाहीर केलेलं नाव फक्त न्यूयॉर्ककरांना विकता येतं, आणि तेवढे न्यूयॉर्ककर पुरत नाहीत.

नाव कोणत्या आठवड्यांत आणायचं? नाताळात कुठलीही बरी संगीतिका भरते. खरी ओसाडी जानेवारी-फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात. ‘वेट्रेस’ या संगीतिकेने हे फार नीट केलं. संगीतकार सारा बरेलिस २०१७ च्या वसंतात स्वतः मुख्य भूमिकेत आली, मग २०१८ च्या जानेवारीत, मग पुन्हा २०१९ च्या जानेवारीत. तिचे चाहते म्हणजे त्या गाण्यांचे चाहते, म्हणजे नाटकाचाच प्रेक्षक. तो येऊन गेल्यावर नाटकाची शिफारस करत होता. स्टिंगच्या आणि तिच्या उदाहरणातला फरक इथे दिसतो: ‘वेट्रेस’ ती नसतानाही चालू शकत होती, ओसाड महिन्यांत तिला फक्त टेकू हवा होता.

इंटरनेटवरचे अनुयायी मोजून नाव निवडणं ही आजची सर्रास चूक. कोट्यवधी अनुयायी असलेल्या माणसाचे चाहते पंधरा वर्षांचे असतील, जगभर पसरलेले असतील, तर १५० डॉलरचं तिकीट काढून मंगळवारी मॅनहॅटनमध्ये कोण येणार? विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या व्यक्तीच्या नावावर लोकांनी यापूर्वी तिकीट काढून कुठे जायची तसदी घेतली आहे का? मैफलींची तिकिटं खपवणारा मध्यम प्रसिद्धीचा गायक अनेकदा चित्रपटातल्या बड्या नटापेक्षा उपयोगी ठरतो.

नवा माणूस प्रत्यक्षात कसा घातला जातो

साधारण तीन-चार आठवड्यांची तालीम मिळते. ती दिग्दर्शकापेक्षा जास्त घेतात नाटकाचे राखणदार: रंगमंच व्यवस्थापक, नृत्यप्रमुख, संगीत दिग्दर्शकाचा सहायक. समोर पूर्ण संच नसतो, बदली कलाकार (मूळ नट नसला तर त्याच्या जागी उतरणारे) उभे राहून बाकीच्या भूमिकांचे संवाद देतात. संपूर्ण संचाबरोबर बहुतेक वेळा एकच रंगीत तालीम होते, त्यातही नव्या माणसालाच पूर्ण वेशभूषा असते, बाकीचे घरच्या कपड्यांत. मग थेट प्रयोग.

गायकाच्या गळ्याला मूळ पट्टी झेपत नसेल तर गाणी दुसऱ्या पट्टीत न्यावी लागतात. हे काम ऐकायला छोटं वाटतं, पण प्रत्येक वाद्याचे कागद बदलतात, कीबोर्डचे आवाज पुन्हा बसवावे लागतात, सोबत गाणाऱ्यांचे सूर हलतात. अल्बम करणाऱ्या गायकाला सगळ्यांत जास्त फसवतो तो ‘आठवड्याला आठ’ हा आकडा. दौऱ्यावर त्याला मधे विश्रांतीचे दिवस मिळतात, इथे बुधवार आणि शनिवारी दोन-दोन प्रयोग असू शकतात. तिसऱ्या आठवड्यात गळा बसतो.

यावर उपाय म्हणजे सातच प्रयोगांचा करार. ‘फनी गर्ल’ने असंच केलं. एप्रिल २०२२ मध्ये बीनी फेल्डस्टाइनला घेऊन ती सुरू झाली, टीका कडक झाली, विक्री उतरली, ३१ जुलैला फेल्डस्टाइन बाहेर पडली. ऑगस्टभर जुली बेंको या बदली कलाकाराने भूमिका निभावली आणि ६ सप्टेंबरला लिया मिशेल आली. त्यानंतर गुरुवारचा प्रयोग बेंकोच्या नावाने जाहीरपणे विकला जाऊ लागला, कमी दरात. तिचाही प्रेक्षक तयार झाला. मिशेलला पहिल्याच आठवड्यात कोविड झाला आणि काही दिवस बाहेर राहावं लागलं, तरी नाताळच्या आठवड्यात विक्री वीस लाख डॉलरच्या वर गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्याचबरोबर संगीतिका बंद झाली, पण ठरवून.

ही दुर्मीळ यशस्वी सुटका आहे, आणि तिचं कारण प्रसिद्धीत कमी आणि गळ्यात जास्त आहे. त्या भूमिकेची गाणी कठीण आहेत, लोकांना ती तशीच ऐकायची होती, आणि आलेली बाई ती गाऊ शकत होती. बदली म्हणून आलेल्या कलाकाराला अभिनयाच्या टोनी पुरस्कारासाठी विचारात घेत नाहीत, त्यामुळे मिशेलला पुरस्काराची वाटही नव्हती. प्रेक्षकांनी तिकिटं काढली ती भूमिकेला योग्य माणूस मिळाला म्हणून.

आजारपणाचा मुद्दा पैशाच्या बाजूनेही मोठा आहे. ज्या कलाकाराचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असतं, तो नसला तर प्रेक्षकाला पैसे परत किंवा तारीख बदलून मागता येते. त्यामुळे नाव वर छापायचं की खाली, यावर वकिलांचे तास जातात. कलाकाराच्या गैरहजेरीचा विमा उतरवता येतो, पण त्याचा हप्ताही त्याच आठवड्याच्या खर्चात बसतो.

साखळी तुटली की

‘फनी गर्ल’ गेल्यावर त्याच ऑगस्ट विल्सन थिएटरमध्ये ‘कॅबरे’ आली, एप्रिल २०२४ मध्ये. लंडनमध्ये यशस्वी ठरलेली, थिएटरचा आतून कायापालट करून मधोमध मंच उभारलेली, भांडवल सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर. एडी रेडमेन आणि गेल रँकिन, मग सप्टेंबरात अॅडम लॅम्बर्ट आणि औलीई क्रावाल्यो, २०२५ च्या वसंतात ऑरव्हिल पेक आणि इव्हा नोब्लेझादा, जुलैत बिली पोर्टर आणि मारिशा वॉलेस. नावं वजनदार, निवड विचारपूर्वक, पुढचं नाव वेळेवर जाहीर. तरीही प्रत्येक जोडीने फक्त आपला काळ तारला. सप्टेंबर २०२५ मध्ये पोर्टर गंभीर आजाराने बाहेर पडला आणि संगीतिका ठरलेल्या तारखेच्या महिनाभर आधी, २१ सप्टेंबरला, बंद झाली. भांडवल फिटलं नाही. ‘शिकागो’ आणि ‘कॅबरे’ यांच्यातला फरक नावांचा नाही. एकीला आठवड्याला थोडंच कमवावं लागतं, दुसरीला खूप.

सुरुवातीलाच मोठ्या जोडीवर उभ्या केलेल्या नाटकाचंही हेच होतं. ‘द प्रोड्यूसर्स’ने २००१ मध्ये नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक यांच्या जोरावर ४८० डॉलरची खास तिकिटं विकायला सुरुवात केली. मार्च २००२ मध्ये दोघे गेले. लेनच्या जागी आणलेल्या हेन्री गुडमनला महिन्याभरात काढलं. नाटक २,५०२ प्रयोग चाललं हे खरं, पण २००३ च्या अखेरीस निर्मात्यांनी त्याच दोघांना काही महिन्यांसाठी परत आणलं.

तुम्ही न्यूयॉर्कला जाणार असाल किंवा दुरून हा व्यवहार पाहत असाल, तर ब्रॉडवे लीग ही निर्माते आणि थिएटर-मालकांची संघटना दर आठवड्याला प्रत्येक नाटकाची विक्री जाहीर करते. त्यात भरलेल्या खुर्च्यांच्या टक्केवारीपेक्षा सरासरी तिकिटाचा दर पाहा. खुर्च्या ९५ टक्के आणि दर घसरता असेल तर सवलतीच्या तिकिटांनी सभागृह भरलं जातंय. मोठं नाव आल्यावर दर चढला आणि ते गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो आधीच्या पातळीच्या वर स्थिरावला, तर नाटकाला नवे प्रेक्षक मिळाले. आधीच्याही खाली गेला तर नावाने पुढच्या महिन्यांचेच प्रेक्षक आधी खेचून घेतले होते. टाइम्स स्क्वेअरमधल्या टीकेटीएस खिडकीवर त्याच दिवसाची तिकिटं २० ते ५० टक्के सवलतीत मिळतात. तिथल्या फलकावरून एखादं नाटक गायब झालं म्हणजे त्याला मागणी आहे. मोठ्या नावाचा शेवटचा प्रयोग रविवारी झाला आणि मंगळवारी ते नाटक ५० टक्क्यांच्या यादीत दिसलं, शिवाय पुढचं नाव अजून जाहीर नसेल, तर पाहायचं असेल तर त्याच आठवड्यात तिकीट काढा.